बाबांनी घोटलेला काळा अभ्रक

बाबा पोलादाच्या प्लांटच्या प्रयोगशाळेत होते. खनिजात लोह किती, त्यातलं फेरस किती आणि फेरिक किती, हे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी दिलेला आकडा फेरतपासणीत चुकीचा निघाला, असं कधी झालं नाही. स्वतःबद्दल एवढी एकच गोष्ट ते सांगायचे, तीही कोणी विचारलं तर.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही अहिवारा गावाच्या रस्त्याला लहानसं घर घेतलं. तिथे त्यांचा दिवस सरेना. त्यात दम्यानं फिरणंही कमी झालं. त्याच सुमारास माझं पीएचडीचं काम सुरू झालं होतं. ग्रॅनाइटमध्ये काळा अभ्रक असतो, त्याच्या पापुद्र्यांमधल्या लोहाचा किती भाग ऑक्सिडीकरण होऊन फेरिक झालाय, हे मला मोजायचं होतं. बाबा हेच रसायनं वापरून करत. मी गॅमा किरणांनी करणार होते. अभ्रकाची पूड किरणांच्या वाटेत ठेवायची, फेरस आणि फेरिक हे त्या किरणांना वेगवेगळ्या ऊर्जेवर अडवतात, त्यामुळे आलेखात वेगवेगळे खड्डे पडतात. खड्ड्यांच्या आकारावरून कोण किती ते कळतं. मशीन दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत होतं आणि एकेका नमुन्याला चार-पाच दिवस लागत.

पण आधी अभ्रक बारीक करावा लागे, आणि अभ्रक बारीक होत नाही. खलात तो घसरतो, वाकतो, पुन्हा सरळ होतो. मी घरी अकीक या कठीण दगडाचा खल घेऊन बसले होते, तेव्हा बाबा बराच वेळ बघत राहिले.

"बाई, मले दे ते," ते म्हणाले. "तू उगाच जोर लावून राहिली. हे दाबायचं नसते, फिरवायचं असते."

त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. सकाळचा चहा झाला की नाकाला रुमाल बांधून ते मागच्या पडवीत बसत. आई म्हणायची, ड्युटीवर गेले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं की अभ्रक कोरडा घोटायचा नाही, एसीटोनमध्ये बुडवून घोटायचा. कोरडं घोटताना हवा लागते आणि फेरसचं फेरिक होऊ लागतं. मला हे माहीत होतं. पण एसीटोनच्या वासानं बाबांचा दमा उसळला असता. थोडं कोरडं घोटल्यानं काय होतंय, असं मी मनाशी ठरवलं आणि बाबांना त्याबद्दल काही सांगितलंच नाही. उलट त्यांनी पहिली पूड दाखवली तेव्हा मी म्हटलं, "अजून बारीक पाहिजे, बाबा. कण मोठे राहिले की एकाच बाजूला आडवे पडतात, मोजणी बिघडते."

"किती बारीक?"

"मैद्यासारखं."

त्यांनी मैद्यासारखं केलं. अकरा नमुने झाले. प्रत्येक बाटलीवर त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अक्षरात नंबर.

मी ते घेऊन गेले आणि जवळजवळ दोन महिने तिकडेच राहिले. पहिले दोन-तीन आलेख पाहिले तेव्हाच गडबड दिसली. फेरिकचा खड्डा असायला हवा त्यापेक्षा फार मोठा होता. तरी मी वाट पाहत राहिले. अकरापैकी एकही नमुना वेगळा निघाला नाही. मॅडमना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सूखा पीसा था क्या?"

"जी."

"मैंने मना किया था ना?"

त्यांनी फोन ठेवला. मी संस्थेच्या आवारात येऊन बसले आणि घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"कसे आले आकडे?"

"सगळे वाया गेले, बाबा. अकराच्या अकरा."

"कावून? काय झालं?"

"तुमी लय घोटलं. घोटता घोटता फेरसचं फेरिक होऊन गेलं."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"माह्या हातानं खराब झालं म्हणतं का?"

नाही, असं मला म्हणता आलं असतं. कोरडं घोटायला मीच लावलं, बारीक करा म्हणून मीच मागे लागले, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हटलं, "आता काय बोलू बाबा, दोन महिने गेले माझे." आणि फोन ठेवला.

घरी परतले तेव्हा खल धुऊन, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. बाबांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. मी नवे नमुने मॅडमच्या विभागात एसीटोनमध्ये घोटले. रोज सकाळी पावर हाउस चौकाची ऑटो पकडायची आणि संध्याकाळी थकून यायचं. नवे आकडे बरे आले, तेव्हा मी बाबांना नुसतं "झालं काम" म्हटलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि पेपर वाचू लागले. एक दिवस बसून नीट बोलू, असं मी म्हणत राहिले. हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होते, तोंडावर मास्क होता. नवव्या दिवशी गेले.

तेरवीनंतर आईनं कपाटातून दोन बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. आत काळी पूड होती. अक्षर बाबांचंच. नंबरापुढे लिहिलं होतं, 'एसीटोनमध्ये'.

"तू तिकडून आल्यावर केलं त्यायनं," आई म्हणाली. "उरलेला अभ्रक होता ना घरी. कोण्या जुन्या सोबत्याले विचारलं, बाटली आणली. तू सकाळी गेली का बसत. वासानं दोन दिवस खोकत होते. मी म्हटलं पोरीले सांगते, तर म्हणे नको, आधी बराबर झालं का पाहू दे."

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. इतक्या महिन्यांपूर्वीच्या वासाचा या आजाराशी संबंध नाही, असं ते म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

त्या दोन नमुन्यांची मला गरज नव्हती. तरी मी ते घेऊन गेले आणि मशीनवर लावले. मोजणी पूर्ण होईपर्यंत तिथेच थांबले. दोन्ही आलेख स्वच्छ आले. त्याच दगडाच्या मी घोटलेल्या नमुन्यांशी आकडे जुळत होते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे त्यायचं काम बराबर होतं?"

"हो. आधीचंही बरोबरच होतं. मीच त्यांना कोरडं घोटायला लावलं होतं. चूक माझी होती."

आईनं ताट खाली ठेवलं.

"तुले हे तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग त्यायले कावून नाही सांगितलं?"

ती उठून आत गेली आणि मी तिचं ताट ओढून उरलेले तांदूळ निवडत बसले.