सात नंबरची फांदी

पहाटेचे पाच वाजून बावीस मिनिटं. ओदिलोन गुडघ्यावर वही घेऊन सात नंबरच्या फांदीकडे दुर्बिणीतून बघत होता. फांदीवर 'लाल-पिवळा' नावाचा नर शेपटी हलवत एकच सूर काढत बसला होता. पाठीवर चिकटवलेल्या दोन रंगीत ठिपक्यांवरून पडलेलं हे नाव. तपकिरी हमिंगबर्ड, लांब बाकदार चोच, शेपटीच्या मधल्या पिसांना पांढरी टोकं. चार हंगाम ही फांदी त्याची. माद्या इथेच येतात; फांदी गेली की सगळं गेलं.

ओदिलोन साठीचा, जंगलातल्या संशोधन केंद्रावर नोंदी ठेवणारा मदतनीस. इथल्याच सारापिकी भागात त्याने तरुणपणी लपूनछपून कोंबडे झुंजवले, त्यापायी तुरुंगही पाहिला. हे नर चोचीने भोसकतात, असं तो दोन वर्षं सांगत होता. शेजाऱ्याची मुलगी योर्लेनी इथली संशोधक. ती हसायची.

"काका, चोच फुलासाठी असते. तुम्हाला जिकडेतिकडे कोंबडेच दिसतात."

"आणि तुला फुलं. जखम दाखवली तर लिहिशील?"

"लिहीन. पण पाखराला हात लावलात, तर नोंद रद्द."

पाच एक्केचाळीसला ठिपके नसलेला एक तरुण नर आला. दोघं समोरासमोर हवेत थांबले. तरुण सरळ गळ्यावर गेला, मागे सरला, पुन्हा गेला. पिसं उडाली. लाल-पिवळा पाचोळ्यात आदळला आणि एका पंखावर गोल फिरू लागला. तरुण खाली उतरून त्याला आणखी दोनदा टोचून गेला. गळ्यात उजवीकडे भोक पडलं होतं. त्यातून बुडबुड्यांसह रक्त येत होतं.

ओदिलोन अर्धा उठला. झुंजीत पडलेला कोंबडा उचलायचा, घशातलं रक्त तोंडाने ओढून थुंकायचं, चोचीत फुंकर घालायची. हाताला तेच ठाऊक.

"काका, बसा," मागून योर्लेनी कुजबुजली. तीही बघत होती.

तो बसला. लिहिलं: ५:४४, गळा, उजवी बाजू, खोल.

पाच बावन्नला मुंग्या आल्या. पाखरू अजून पाय झाडत होतं. पाच अठ्ठावन्नला थांबलं.

"तुमचंच खरं निघालं," योर्लेनी म्हणाली.

"रिंगणातसुद्धा मी असा कधी बसून राहिलो नव्हतो, पोरी."

ती हसली नाही. वर फांदीवर तरुण नर शेपटी हलवत तोच सूर काढत होता.

उद्या पावणेपाचला सात नंबरसमोर पाखरं धरायचं जाळं लागेल. नव्या नराच्या पाठीवर एक निळा, एक पांढरा ठिपका चिकटवायचा आहे.