हेळव्याच्या वहीत नसलेली मुलगी

त्रिनिदादहून आलेली ती ईमेल आधी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाने ती माझ्या भावाला दाखवली आणि भावाने मला साताऱ्याला पाठवली. खाली त्याची एक ओळ होती : 'आक्का, तुझ्या याद्यांना काम आलंय.'

लिहिणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या पणजीला उसाच्या मळ्यात मजूर म्हणून जहाजाने तिकडे नेलं होतं. तिथल्या सरकारी दप्तरात त्यांना तिचा प्रवासाचा परवाना सापडला होता. त्यावर जिल्हा, तालुका, आमचं गाव, वय एकोणीस आणि डाव्या पावलावर भाजल्याची खूण. वडिलांचं नाव म्हणून माझ्या खापरपणजोबांचं नाव होतं. 'मी तुमच्या घरातली आहे का, एवढं सांगा,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'असेन तर एकदा येऊन उंबऱ्याला हात लावीन. अंदाजावर एवढा प्रवास आता झेपणार नाही.'

भाऊ फोनवर म्हणाला, "ऊस तोडायला एवढ्या लांब? हितं काय कमी पडला व्हता?"

"तेव्हा इथे ऊस नव्हता," मी म्हटलं आणि यादी करायला घेतली. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. नोंद असली की वस्तू सापडते, यावर माझा विश्वास होता.

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी मोडी लिपीत होत्या. एका निवृत्त मास्तरांना विनंती करून त्या वाचून घेतल्या. आमच्या गावचं सगळ्यात जुनं पानसुद्धा ती जहाजाने गेल्यानंतरचं निघालं. जमिनीच्या कागदांत खापरपणजोबा होते, त्यांचे तीन मुलगे होते. शाळेच्या दाखल्यांचा प्रश्नच नव्हता. यादीत शेवटी हेळवी उरला.

हेळवी म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ सांभाळणारा. दर चार-पाच वर्षांनी सुगीनंतर दारात येऊन तो सगळ्या पिढ्या वाचून दाखवतो, नवी नावं लिहून घेतो आणि धान्य घेऊन जातो. आमचा हेळवी सांगलीकडे, जतच्या बाजूला राहतो. एका रविवारी भावाला घेऊन मी तिथे गेले.

म्हाताऱ्याने चहा सांगितला, वही कपाळाला लावली आणि उघडली. खापरपणजोबांचं नाव आलं तेव्हा मी पुढे सरकले. खाली तीन मुलगे.

"मुलगी?"

"लेकी न्हाई लिवत आमी, ताई. वाडवडलांपास्नं न्हाई."

"माझं नाव?"

त्याने पानं उलटली. वडिलांच्या नावाखाली फक्त भाऊ होता. लहानपणी याच माणसाच्या झोळीत मी सुपाने जोंधळे ओतले होते. भाऊ हसून म्हणाला, "बघ, सगळं घर माझंच हाय."

मी हेळव्याला सगळं सांगितलं. परवान्याची प्रतही दाखवली. त्याने ती डोळ्यांजवळ धरली.

"आवं, मग लिवतो की," तो म्हणाला. "सायबानं पायावरचा डाग लिवलाय, मला नाव लिवायला काय जातंय? तुमी घरच्या मान्सानं खात्रीनं सांगा, ही आमची. बस."

त्याने पेनाचं टोपण काढलं. मी परवान्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. खापरपणजोबांचंच नाव त्या काळी गावात आणखी कुणाचं नसेल कशावरून? मला खात्रीने सांगता येईना. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय म्हाईत, आक्का?" शेवटी म्हाताऱ्याने टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्रिनिदादला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. काय सापडलं आणि काय नाही, ते मी क्रमाने सांगितलं.

"म्हणजे मी तुमची नाही?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तसं नाही. मुलींचं कुणी लिहिलेलंच नाही."

"मग आहे?"

"तेही सांगता येत नाही."

मग त्या मलाच धीर दिल्यासारखं म्हणाल्या, "काही हरकत नाही. अजून कुठेतरी कागद असेल. मी पुढच्या महिन्यात तुम्हाला पुन्हा विचारते. तोवर तिकीट काढत नाही."

मी "बरं" म्हटलं. बघायचं असं कुठलंच ठिकाण आता उरलं नव्हतं, पण ते त्यांना सांगणं मला जमलं नाही.