दोन लाल ट्रॅक्टर, एक गिअरबॉक्स

न्हावऱ्याच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. बागेत चालणारे दोन छोटे लाल ट्रॅक्टर यवतहून एकाच दिवशी आले होते, एक आमचा, एक माझ्या धाकट्या जावेचा, सुमनचा. सुमन आणि मी आमच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून एकाच पुड्यातली भेळ खात आलो होतो.

ती कंपनी आता बंद पडली. सुटे भाग मिळत नाहीत. आमचं इंजिन बसलं, सुमनचा गिअरबॉक्स गेला. आज सकाळी मिस्त्री म्हणाला, "मावशी, दोन्हींचा मिळून एक व्हईल. सुमनमावशींचाच उभा करू. तुमचा पत्रा सडलाय."

सडणारच. मागेल त्याला मी ट्रॅक्टर दिला, तो उन्हापावसात उभा राहिला. सुमन तिचा गोधडीखाली झाकायची, तेव्हा मी तिला हसायचे.

"अक्का, तोंड का पाडलंय?" सुमन म्हणाली. "तुमचाच गिअरबॉक्स हाय की आमच्यात!"

"व्हय, आन् स्टिअरिंगवर तू."

आमचे हे हसले. मला हसू आलं नाही. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी बायबलातलं शिकवलं होतं, शेजाऱ्याच्या बैलाचा हेवा करू नये. ट्रॅक्टरचं त्या काही बोलल्या नव्हत्या.

तर सगळ्यांसमोर सांगून ठेवते. गिअरबॉक्स सुमनने न्यावा. मागची चाकं वडगाव रासाईच्या नणंदेला द्या. उरलेलं लोखंड मिस्त्रीला. दोन्ही मडगार्डं मात्र माझ्या ओट्यावर आणून ठेवा. सुमनला बसायचं असेल, तर तिनं भेळ घेऊन यावं.