शंका असेल तर घालू नका

माझी आत्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी उभी असायची. बाई आत जाताना हातात कपडे किती ते बघायचं, तेवढ्या आकड्याचा बिल्ला द्यायचा, बाहेर आली की कपडे आणि बिल्ला जुळवून घ्यायचा. आख्खी नोकरी एवढीच. ऐकायला सोपी वाटते. पण बाई आत तीन ड्रेस नेते, बाहेर तीनच आणते, त्यातला एक पिशवीतून आणलेला जुना, फक्त जाताना बारीक असते आणि येताना जाड होऊन येते. ते ओळखायचा पगार होता.

घरी पण तेच. दुधाची पिशवी आली की आधी उलटी धरून बघणार. गॅस बंद केला की परत बंद करणार. फोनवर कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं की ही म्हणणार, "बरं. तुमच्या साहेबांना द्या." साहेब आले की, "आता त्यांच्या साहेबांना द्या." एकाने तर शेवटी "मावशी, माफ करा" म्हणून स्वतःच फोन ठेवला.

मला तिनेच वाढवलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा ती ओरडली नाही. शाळेत जाऊन विचारून आली, की पोरीने सोडली का तुम्ही काढली. सोडली हे कळल्यावर मग ओरडली.

तिच्या संशयातून सुटलेला एकटा देव. त्याच्याबद्दल तिने कधी चौकशी केली नाही. आठवड्याला प्रार्थनेच्या हॉलमध्ये जायचंच, आणि सगळ्यांच्या आधी जायचं, कारण हॉलची चावी तिच्याकडे. झाडू मारायचा, पंखे लावायचे, खुर्च्या मांडायच्या. मंडळ चालवायचे थोरले काका. त्यांच्या बायकोला सगळे नुसतं काकू म्हणायचे. काकू पुढे बसून प्रार्थना म्हणायच्या, बाकीचे त्यांच्या मागून. आत्या डोळे मिटून बसली की तिचा चेहराच वेगळा दिसायचा. मी कधीमधी मागे बसून मोबाइल बघायचे, तेव्हा मला दिसायचं ते. दिवसभर लोकांवर डोळा ठेवणारी बाई तिथे एकदाचे डोळे मिटायची.

मग ती रिटायर झाली. फंडाचे पैसे आले. पेन्शन नाही, गुडघे गेलेले, डॉक्टर म्हणाले आज ना उद्या ऑपरेशन. म्हणजे हे पैसे हेच तिचं म्हातारपण. मी आहे, पण मी स्कूटरवर कुरिअर वाटते, आज इथे काम, उद्या तिथे. माझ्यावर कोणी म्हातारपण काढू नये.

त्याच महिन्यात मंडळात एक माणूस यायला लागला. पांढरे बूट घालायचा. मी त्याला पांढरे बूट असंच म्हणते, नाव घ्यायला मला आवडत नाही. बोलणं गोड, म्हाताऱ्यांच्या पाया पडणार, काकूंची पिशवी उचलणार. एकदा प्रार्थना संपल्यावर थोरल्या काकांनी त्याला पुढे उभं केलं. शहराबाहेर गोदामं बांधतायत म्हणे, त्यात पैसे घातले की भाड्याचा हिस्सा दर महिन्याला घरी, आणि हे फक्त आपल्या मंडळाच्या माणसांसाठी.

"बँक काय देते?" तो म्हणाला. "बँकेचा मॅनेजर तुमच्यासाठी प्रार्थना करतो का?"

सगळे हसले.

"पण एक सांगतो. ज्याच्या मनात शंका असेल त्याने घालू नका. शंकेच्या पैशाला बरकत नसते."

आत्या उभी राहिली. "शंका पैशाला नाही, मला आहे," ती म्हणाली. "माझे पैसे मला परत हवे झाले तर मी कोणाच्या दारात जायचं?"

"ताई, माझ्या."

"तुमचं दार कुठाय?"

त्याने हसत हसत कार्ड काढून दिलं. पण हॉलमध्ये एकदम गार झालं. काकूंनी वळून बघितलं आणि परत पुढे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरवर बसवून त्या पत्त्यावर नेलं. काचेची बिल्डिंग, आत एका हॉलमध्ये टेबलंच टेबलं, प्रत्येकाची कंपनी वेगळी. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर गुरुवारी येतात. टेबल गुरुवारचंच घेतलंय त्यांनी."

खाली आल्यावर मी म्हटलं, "चोर आहे."

"गप. टेबल भाड्याने घेणं म्हणजे चोरी नाही. तुझा साहेब तर टपरीवर बसून धंदा करतो."

"मग घालणारेस पैसे?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

तिचं हे असंच असतं. ती कोणाला चोर पण म्हणत नाही आणि साव पण म्हणत नाही. दुकानात एकदा तिने एका बाईला अडवलं होतं, सगळ्यांसमोर पर्स उलटी केली, आणि आत काहीच निघालं नव्हतं. ती बाई रडत गेली. त्यानंतर आत्या खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण म्हणून बघायचं सोडत नाही.

पुढच्या आठवड्याला काका म्हणाले, आज सगळ्यांनी डोळे मिटून आपापल्या मनाला विचारा. ज्याला शांत वाटेल त्याने पैसे घालायला नाव द्यावं. पंखे पण बंद केले. मी मागे होते. मी काही डोळेबिळे मिटले नाहीत. सगळी डोकी खाली. दोनच वर. एक पांढरे बूट. तो भिंतीला टेकून एकेका डोक्यावरून नजर फिरवत होता, सावकाश, पहिल्या रांगेपासून. चोरटं गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर आधी बघतं ना, कुठे कोण उभं आहे, तसं. दुसरं डोकं आत्याचं. त्याची नजर फिरत फिरत तिच्यापाशी आली आणि अडकली. मग तो हसला, मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर आत्या सरळ त्याच्याकडे गेली. "तुमचे डोळे का उघडे होते?"

"कोणाला रडू येतंय का बघत होतो, ताई. माणसं हळवी होतात अशा वेळी. तुमचे का होते?"

आत्या स्कूटरकडे चालायला लागली. त्याचं खरं असेल पण. ते मला आजही माहीत नाही.

स्कूटरवर मागे बसल्यावर ती म्हणाली, "दुकान सोडलं तेव्हा वाटलं होतं, आता कोणाकडे बघावं लागणार नाही. आज देवासमोर पण पहारा द्यायला लागला गं."

तिने नाव दिलं नाही. मंडळातल्या बहुतेकांनी दिलं. तिने फंडाचे पैसे दोन बँकांत मुदत ठेवीत टाकले, गुडघ्यापुरते खात्यात ठेवले, वारस म्हणून माझं नाव लावलं आणि मला बजावलं, "नाव लावलंय म्हणून माझ्या चहात काही घालू नकोस."

आठवड्याभरात काका घरी आले. चहा घेतला, तब्येतीचं विचारलं. मग म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात, लवकर येऊन हॉल उघडायचा त्रास कशाला? चावी दुसऱ्या कोणाकडे देऊ."

आत्याने चावी आणून त्यांच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, "काका, गुडघे काय आजच दुखायला लागले का? पैसे दिले असते तर बरे झाले असते का?" आत्याने माझा दंड असा पकडला की दोन दिवस काळा होता.

ती तरी जायचीच. आता मागे, माझ्या शेजारी बसायची. बाकीच्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे येत होते हे पण खरं. एक बाई मुद्दाम आत्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्याकडे नवीन फ्रिज आला, देवाची कृपा."

एके दिवशी भर दुपारी दार वाजलं. बघते तर काकू. एकट्या. आत येऊन बसल्या, पाणी पण नको म्हणाल्या.

"माझे स्वतःचे थोडे होते," काकू म्हणाल्या. "माहेरून आलेले. यांनी ते पण घातले. मला ते परत पाहिजेत."

"काकांना सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं तर माझी श्रद्धा कमी पडली म्हणतील."

मी म्हणणार होते, की आता का आलात, चावी नेताना कुठे होतात. आत्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. मग ती काकूंना म्हणाली, "गुरुवारी जाऊ."

गुरुवारी आम्ही तिघी गेलो. मी स्कूटरवर, त्या दोघी रिक्षाने. पांढरे बूट त्याच्या टेबलापाशी बसला होता. उठून उभा राहिला, खुर्च्या दिल्या. काकूंनी पैसे परत मागितले.

"काकू, काकांना विचारलंय ना?"

काकू खाली बघायला लागल्या. आत्या म्हणाली, "पैसे काकूंच्या नावावर आहेत का काकांच्या?"

"काकूंच्याच."

"मग त्यांनी स्वतःला विचारलंय."

तो म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू. आत्या म्हणाली बघा, तोपर्यंत आम्ही बसतो. आणि खरंच बसली. त्याची दोन गिऱ्हाइकं आली. आत्याने काही केलं नाही, नुसतं त्यांच्याकडे बघत राहिली, हातात कपडे किती आहेत ते बघायची तसं. एक म्हातारा बायकोला घेऊन आला होता, तो म्हणाला आम्ही नंतर येतो. पांढऱ्या बुटाने खिशातून पेन काढलं आणि चेक लिहिला. अर्ध्या रकमेचा. बाकीचे महिन्याने म्हणाला.

जिन्यात काकू रडायला लागल्या, देवाचे आभार मानायला लागल्या.

"थांबा," आत्या म्हणाली. "कागद आहे तो अजून. खात्यात पडू दे."

"मी तर मानले आधीच."

"मग परत माना तेव्हा. त्याला कंटाळा येत नाही."

चेक वटला. काकूंनी मंडळात कोणाला सांगितलं नाही. अजूनही पुढेच बसतात, आमच्याकडे वळत नाहीत. मी म्हटलं, मी सांगते उभी राहून सगळ्यांना, फ्रिजवालीला तर पहिली. आत्या म्हणाली, "काकूंनी विश्वासाने सांगितलंय आपल्याला. तू तोंड उघडलंस तर स्कूटरची चावी माझ्याकडे."

"पण मग तो माणूस चांगला निघाला ना? पैसे तर दिले त्याने."

आत्या भिंतीला टेकून गुडघ्याला तेल लावत होती.

"आज निघाला," ती म्हणाली. "उरलेल्या अर्ध्यासाठी परत जायचंय. गाडीत पेट्रोल भरून ठेव."