दारलावे आणि ओली गादी

त्यांना सगळे दारलावे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात त्यांनी शीतगृहं बांधण्यात घालवली, आणि कुणी जाता-येता दार जरासं उघडं ठेवलं की त्यांची गर्जना ठरलेली, "दार लाव!" कामगारांनी त्याचंच आडनाव करून टाकलं, आणि ते असं चिकटलं की नातेवाईकही तेच वापरू लागले. घरीही काही निराळं नव्हतं. बायको कचरा टाकायला बाहेर पडली तरी पाठीमागून तीच हाक यायची.

निवृत्त झाल्यावर दारलाव्यांनी सामान पोचवायची एक जुनी व्हॅन घेतली. लेक वर डोंगरात, बर्फ पडणाऱ्या गावी दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि घर म्हणजे जेमतेम एक खोली. तेव्हा गाडीतच बिछाना-चूल मांडायची, गाडी लेकीच्या अंगणात उभी करायची आणि हिवाळाभर तिथेच राहायचं, असा त्यांचा बेत.

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते मी. पण माझ्या सांध्यांना ओल सोसत नाही. गादी कोरडी राहिली तर तुमच्या गाडीतून, नाहीतर मी आपली बसने जाते नि लेकीच्या खाटेशेजारी खाली झोपते. तुम्ही बसा इथे दारं लावत."

दारलावे हसले. ज्याने मासे आणि आइस्क्रीम भर उन्हाळ्यात गोठवून ठेवलं, त्याला थंडी शिकवायची? त्यांनी पत्र्याला आतून आधी प्लॅस्टिकचा जाड कागद चिकटवला, त्यावर ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या कापसाचे, थर बसवले, वरून पातळ प्लायवूड ठोकलं. मग मेणबत्ती पेटवून ती सांध्यासांध्यापाशी धरली. जिथे ज्योत हलली तिथे चिकटपट्टी. शेवटी ज्योत कुठेच हलेना, तेव्हा त्यांचं समाधान झालं. त्या थंडीच्या रात्री दोघं दारात उभ्या गाडीत झोपून बघायला गेली.

सकाळी गादीची कड ओलीचिंब. प्लायवूडच्या खालून पाणी ओघळलं होतं.

"पाऊस झाला?" दारलाव्यांनी विचारलं.

"स्वप्नात झाला असेल," बायको म्हणाली.

छत गळतंय, दुसरं काय! त्यांनी बायकोला टॉर्च देऊन आत बसवलं आणि वरून रबरी नळीने गाडीवर पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. बाहेर मात्र शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर भिजली आणि त्यावरून बोलाचाली झाली. तरी दारलाव्यांनी छताला वरून डांबर फासलं, चिकटपट्टी दुप्पट केली. दुसऱ्या सकाळी पाणीही दुप्पट.

आता मात्र त्यांचं डोकं चालेना. त्यांनी गाडीतल्या पाण्याच्या कॅनवर संशय घेतला, शेजाऱ्यांच्या मांजरावर घेतला, शेवटी बायकोवरही घेतला. एक रात्र गाडी रिकामी ठेवून पाहिली, तर कोरडी ठणठणीत. मग सांध्यांची कुरकुर ऐकवत बायको एकटी झोपली, तर पुन्हा ओल.

"अगं, तू आत असलीस की गळतंय!"

"म्हणजे मी गळते? माझा संसार झाला तुमच्याबरोबर, नि आता मी गळायला लागले?" बायकोने कपड्यांची पिशवी भरली आणि घराच्या दाराशी आणून ठेवली. "उद्याची बस आहे."

दारलावे गाडीत जाऊन बसले. त्यांना राग येईना, काही सुचेना, नुसती भीती वाटत होती. नातवंडाचा जन्म होईल तेव्हा आपण इथे रिकाम्या घरात असू, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागलं. थोड्या वेळाने बायको चहाचे दोन कप घेऊन आली. कितीही रागावली तरी चहा चुकवायची नाही.

"दार लाव," दारलावे सवयीने म्हणाले.

तिने लावलं. दोघं चहा पिऊ लागली. दारलाव्यांचा चष्मा धुरकट झाला. त्यांनी पुसला. पुन्हा धुरकट.

"हे कुठून येतंय?"

"चहातून. नि तुमच्या उसाशांतून. मघापासून चाललेत."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि त्याच्यावर तोंडाने वाफ सोडली. मग उठून प्लायवूडची एक फळी उचकटली, ग्लासवूल बाजूला सारलं. त्यामागच्या प्लॅस्टिकवर थेंबच थेंब.

शीतगृहात ऊब बाहेर असते, म्हणून प्लॅस्टिक बाहेरच्या अंगाला. दमट हवा गार भागापर्यंत पोचता कामा नये. तोच हात इथेही चालला होता. पण इथे ऊब आत होती, आणि दमट हवाही आतच. आयुष्यभर त्यांनी वाटाण्यासाठी, माशांसाठी खोल्या बांधल्या. आत श्वास घेणारं कुणी असेल, हा हिशेब त्यांना कधी करावाच लागला नव्हता. दारलाव्यांना बायकोसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आपलाच श्वास आहे हा," ते कसेबसे म्हणाले. "जायला वाटच ठेवली नाही मी."

बायकोने दुसरी फळी उचकटायला घेतली.

दिवसभर दोघांनी सगळं उलटं केलं. आधी ग्लासवूल, त्यावर आतल्या अंगाने प्लॅस्टिक, मग प्लायवूड. राहिलं छत. दारलावे करवत घेऊन बराच वेळ नुसते उभे होते. स्वतःच्या हाताने, धडधाकट छताला भोक! शेवटी डोळे मिटल्यासारखे करून त्यांनी पत्रा कापला आणि तिथे एक लहानशी झडप बसवली.

सकाळी बायकोने गादीवरून हात फिरवला. कडेला, कोपऱ्यात, उशाखाली. मग वर पाहिलं.

"अहो, झडप रात्रभर उघडीच राहिली की!"

"असू दे," दारलावे म्हणाले.

बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग घरात गेली, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि गाडीत आणून ठेवली.