लिदीचा बांध

सांडोरहून निघताना मी पिशवीत सुकेळी (सुकवलेली केळी) घेतली आणि एक रिकामी गोणी. मुलगा दिनेश वैतागला. "आई, फिरायला चाललोय, बाजाराला नाही." गुजरातेत रानगाढवं दाखवतो म्हणाला होता. गाढवं निमित्त. केळीची वाडी विकून मी त्याच्या विरारच्या फ्लॅटवर राहायला जावं, हे त्याला निवांत बोलायचं होतं.

कच्छचं छोटं रण म्हणजे आपलं मिठागरच, फक्त संपत नाही. ढाब्यावर बाजरीचा रोटला (जाड भाकरी) खाल्ला. रोटला चांगला, चटणीने जीभ पोळली. जीपवाला भरतभाई मला 'बा' (आई) म्हणायचा.

मग बेटावर (गवताच्या उंचवट्यावर) गाढवं दिसली. अंग तांबूस, पोट पांढरं, पाठीवर काळसर पट्टा. ओझ्याच्या गाढवासारखी मान पाडून उभी नव्हती. माद्या पिल्लांना घेऊन चरत होत्या. लांब एक नर एकटाच.

"बिचारा," दिनेश म्हणाला, "तुझ्यासारखाच एकटा."

"बिचारा कैसा? मालिक है!" भरतभाई हसला. नर पाण्याजवळची जागा धरतो, दुसऱ्या नराला शिरू देत नाही. माद्यांची टोळी कायमची नसते. येतात, चरतात, पुढे जातात.

खाली उतरले तर समोर लिदीचा मोठा ढीग. वाळलेली लीद, केळीला उत्तम. मी गोणी उघडून भरायला लागले.

"बा, मत उठाओ! वो उसका कंपाउंड है!"

नर एकाच जागी लीद टाकत राहतो. दुसऱ्याने वास घेऊन ओळखावं, की इथून पुढे आपलं नाही. म्हणजे मी त्याचा बांध उपसत होते. शेजाऱ्याने माझा बांध हातभर सरकवला, तेव्हा मी कोयता घेऊन उभी राहिले होते. भरलेली लीद मी परत ढिगावर ओतली.

"आणि म्हातारा झाल्यावर?" मी विचारलं.

"जवान आता है. काटता है, लात मारता है. फिर इसको जाना पडता है."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर त्याने विषय काढला. विहिरीवर पाय घसरला तर कोण बघणार, रात्री दुखलं-खुपलं तर कोण उठणार. पोरगा वाईट नाही. सगळं ऐकून घेतलं, मग म्हटलं, "तू लाथ मारणारा नाहीस. मग कशाला हलू? सुनेला, पोरांना घेऊन येत जा. चरा आणि जा."

तो हसला. पण पटलं नव्हतं.

सांडोरला उतरले. रिकामी गोणी खुंटीला टांगली आणि चहाच्या आधी बांधावरून एक फेरी मारली.