देवपदाचा राजीनामा

आषाढ पौर्णिमेच्या आठवड्यात नांदेडला माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. याला जबाबदार माझी नोकरी, जिच्यात मी वाड्या-तांड्यांवर सायकलने समन्स बजावत हिंडलो. नागपंचमीच्या सुमारास घरात टॅबलेट आला. याला जबाबदार माझी मुलगी. त्याच संध्याकाळी मी देव झालो. याला जबाबदार खेळ बनवणारी एक परदेशी कंपनी. भाद्रपद पौर्णिमेला माझ्या देवपणाचा फोटो विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. याला जबाबदार विहार समितीचे सचिव. आणि दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी, प्रतिज्ञा वाचण्याचा माइक माझ्याकडून काढून घेण्यात आला. याला समितीचे सर्व सदस्य वैयक्तिक आणि सामूहिक, अशा दोन्ही नात्यांनी जबाबदार आहेत. पत्नीला या यादीत कोठे बसवावे, याचा निर्णय मी राखून ठेवला आहे.

आमचे गाव नांदेडहून येताना डोंगरकडा गावाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडे आत. येथील विहारात दर दसऱ्याला सर्व मंडळी उभी राहून प्रतिज्ञा म्हणतात. एकाने पुढे उभे राहून वाचायचे, बाकीच्यांनी मागून म्हणायचे. देव मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही, हे त्या प्रतिज्ञांचे मूळ. माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती, तरी सर्व प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या आणि हयात असेपर्यंत तेच पुढे उभे राहत. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आले. मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. पुकारा करण्याची सवय असल्याने माझा आवाज माइक नसतानाही शाळेपर्यंत जात असे. गावातल्या दोन पिढ्यांनी देव नाकारला तो माझ्या आवाजामागून. हे मी अभिमानाने नव्हे, पुरावा म्हणून नोंदवतो.

टॅबलेट का आला, तेही सांगितले पाहिजे. ऑपरेशननंतर मला पलंगावर बसून राहावे लागले आणि मी पत्रे लिहू लागलो. रस्त्याविषयी, पाण्याच्या टाकीविषयी, विजेच्या खांबाविषयी. मुलगी नांदेडला शिक्षिका आहे. ती भेटायला आली तेव्हा पत्नीने तिच्याकडे तक्रार केली.

"तुझ्या बापाला कायतरी खेळायला दे माय. दिवसभर अर्ज लिहून राहिले. पोस्टमन आता आमच्या गल्लीत यायला भेऊन राहिला."

मुलीने आपला टॅबलेट मला दिला आणि त्यावर एक खेळ घातला. एक बेट, त्यावर एक टोळी. ही माणसे झोपड्या बांधतात, मेंढ्या पाळतात, पेरतात, म्हातारी होतात. आपण वरून पाहायचे आणि कोणाला कोणते काम द्यायचे ते बोटाने ठरवायचे. आधी कंपनीच्या अटी आल्या आणि त्याखाली 'मान्य' असे बटण.

"बाबा, ते कोणी वाचत नसतं. दाबा."

"न वाचता मान्य करणाऱ्या लोकांची घरे मी जप्त होताना पाहिली आहेत," असे म्हणून मी त्या वाचायला घेतल्या. मुलगी बसने निघून गेली तरी माझे वाचन चालूच होते. कंपनीला वाटेल तेव्हा सारे बेट बंद करण्याचा अधिकार होता. खेळणाऱ्याला अपिलाची तरतूद नव्हती. मी निषेध मनात नोंदवला आणि मान्य केले.

पुढे एक रकाना आला: देवाचे नाव. येथे कोणीही शहाणा माणूस काहीतरी गमतीचे नाव लिहील, असे मला नंतर अनेकांनी सांगितले. परंतु अपुऱ्या नावाचा कागद बजावता येत नाही, हे ज्याने आयुष्यभर पाळले त्याच्यासमोर रकाना आला की तो पूर्ण नावच लिहितो. मी माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, सातबाऱ्यावर आहे तसे देवनागरीत लिहिले. क्षणात बेटाच्या मधोमध एक उभी शिळा आली, तिच्यावर माझे तिन्ही शब्द कोरलेले होते आणि ती बोटभर माणसे हात वर करून तिच्यापुढे वाकू लागली.

मी ताबडतोब मुलीला फोन केला.

"हे लोक माझ्या पाया पडून राहिले. हे बंद कसे करायचे?"

"बाबा, तुमी देव हायेत त्यायचे. खेळच तो हाय."

"मला हे पद नको. सोडायची काय सोय आहे?"

ती हसली. सोय नव्हती. मी सगळीकडे शोधले. देव व्हायला एक बोट पुरते. देवपद सोडायला कंपनीने कोठेही बटण ठेवलेले नाही. मी त्यांना इंग्रजीत सविस्तर पत्र लिहिले की, इच्छेविरुद्ध देवपद लादणे हे कोणत्याही सुसंस्कृत देशाच्या कायद्यात बसत नाही, सबब माझा राजीनामा स्वीकारावा आणि शिळा काढून टाकावी. उत्तर आले: खेळल्याबद्दल आभार, अडचण येत असल्यास खेळ काढून पुन्हा घाला. पुन्हा घातला असता तर पहिली टोळी नष्ट होऊन दुसरी माझ्या पाया पडली असती. यालाच ते उपाय म्हणतात.

मग मी हाताशी होते तेवढे केले. शिळेपुढे वाकणाऱ्या प्रत्येकाला बोटाने उचलले आणि शेतावर, मेंढ्यांवर किंवा विहिरीच्या कामावर पाठवले. शिळेपाशी कोणी उरला नाही. पीक वाढले, झोपड्या वाढल्या. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात सूचना येऊ लागली की लोक तुम्हाला विसरत आहेत. ती आली की मला समाधान वाटे.

माझा एक बालमित्र आहे, मेंढरे राखतो. तो बांधाकडे जाताना रोज ओसरीवर टेकतो. त्यानेही हा प्रकार पाहिला.

"बेलिफसायेब, आमचा देव वरसाला एक बकरं मागतो. तुमचा काय मागतो?"

"काही नाही. मला विसरा म्हणतो."

"मंग त्याला कोन इचारल?"

"कोणी विचारू नये, हेच त्याचे म्हणणे आहे."

तो काठी उचलून उठला. "अशा देवाचं आमाला न्हाई परवडत," म्हणाला. "आमाला ज्याला भेवावं असा लागतो. त्याबिगर पोरं ऐकत न्हाईत."

पोळ्यानंतर बेटावर पाऊस थांबला. पाऊस पाडण्याचे बटण देवाकडे असते, पण ते पूजेवर चालते. जितके लोक शिळेपुढे, तितका देवाच्या अंगात जोर. माझ्या अंगात काहीच नव्हते. बटण राखाडी पडले होते. पिके वाळली. म्हातारी माणसे झोपडीच्या दारात बसून राहू लागली. शेजारच्या टेकडीवर दुसरी टोळी होती, तिचा देव खुद्द खेळच चालवत असे. तिकडे अहोरात्र पूजा आणि हिरवेगार शिवार. माझी माणसे एकेक करून तिकडे जाऊ लागली.

पत्नी भाजी निवडता निवडता हे पाहत असे. ती सेनगावकडची, तिचे बोलणे सरळ असते.

"अवो, चार माणसं लावा की त्या दगडापुढं. पाऊस पडंल."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुमचं अन् उपाशी लेकरं. काहून करून राहिले असं? ते बारकं पोरगं बघा, कवापासून बसून हाय."

"ते चित्र आहे."

"चित्र हाय तर मंग दगडापुढं बसवायला काय तकलीफ हाय तुमाला?"

हा युक्तिवाद मी नोंदवून घेतला. तिने पुढे असेही जोडले, "इतकी वर्सं घरात तुमचं म्हननं म्हंजी देवाचं म्हननं. तवा न्हाई राजीनामा दिला." यामुळेच यादीतला तिच्याविषयीचा निर्णय राखून ठेवावा लागला.

मी पूजा लावली नाही. उरलेल्या सर्वांना ओढ्यापासून शेतापर्यंत चर खणायला लावले. काम फार सावकाश होते. ओसरीवर मी, शेजारी पत्नी आणि कधीकधी मेंढरे बांधून आलेला मित्र, असे तिघे त्या चराकडे डोळे लावून बसत असू. चर अर्ध्यावर आला असताना, एका दुपारी, कोणी न मागता पाऊस पडला. ऋतू बदलला होता, इतकेच. बटणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पाऊस आपल्या वेळेला येतच होता; देव फक्त तो लवकर आणण्याची लाच घेत होता. मी हे मोठ्याने म्हणालो तेव्हा मित्राने पटका डोक्यावर सारखा केला आणि म्हणाला, "आमच्या देवाला नका सांगू."

माझे लोक वाचले. थोडे होते, पण कोणाच्या पाया न पडता वाचले. इतका आनंद मला एकाही समन्सच्या बजावणीत झाला नव्हता.

भाद्रपद पौर्णिमेला बेटावर सुगी आली. या खेळात वर्षातून एकदा, सुगीच्या दिवशी, सर्व लोक आपोआप शिळेभोवती गोळा होतात. त्यांना बोटाने उचलले तरी ते परत येतात. नेमके त्याच वेळी आमचे सचिव वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, वाचनाचे वेळापत्रक घेऊन घरी आले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांची दृष्टी मोतिबिंदूनंतर फार तीक्ष्ण झाली आहे.

"दादा, हे दगडावर नाव कुनाचं?"

"माझे."

"पूर्न नाव हाय, वडलासकट."

"हो."

"अन् हे लोक काय करून राहिले?"

"सुगीचा दिवस आहे. तो खेळाचा नियम आहे, त्यात माझी संमती नाही."

"व्हय, नियम बराबर हाय. पन पाया तुमच्याच पडून राहिले ना?"

मी चराची हकीकत सांगू लागलो. त्यांनी मान डोलावत ऐकले, चहा घेतला आणि जाता जाता मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. मला वाटले, त्यांना चर आवडला. ते चौकात पोचण्याआधीच ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिले होते: 'आपल्या गावात देव सापडला, हे कळवण्यास आनंद होतो.' पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिले की हसण्यावारी नेण्यासारखे नाही, प्रतिज्ञा वाचणाऱ्यानेच असे केले तर लेकरांनी काय शिकायचे. त्यानंतर सचिवांनी घोषित केले की योग्य तो खुलासा होईपर्यंत प्रतिज्ञावाचन ते स्वतः करतील.

मला नोटीस मिळाली नाही. माझी बाजू ऐकली गेली नाही. मी लेखी खुलासा घेऊन समितीकडे गेलो, तर तो पुढच्या बैठकीत ठेवू म्हणाले, आणि पुढची बैठक भरलीच नाही. खुनाच्या आरोपीलाही म्हणणे मांडू देतात. आमच्या न्यायालयात थकबाकीदारालाही ते मांडू देत; त्या दारावर मी स्वतः पुकारे केले आहेत. निवाडा करणारे सचिव स्वतःच्या जीपला पुढे लिंबू-मिरची बांधून हिंडतात. विचारले तर म्हणतात, ती ड्रायव्हरने बांधली. त्यांच्या बाबतीत ड्रायव्हर असतो. माझ्या बाबतीत खेळ नसतो.

दसऱ्याला मी पांढरे कपडे घालून वेळेवर गेलो आणि मागच्या रांगेत उभा राहिलो. सचिव वाचत होते. त्यांचा आवाज पहिल्या चार रांगांपलीकडे जात नव्हता. पुढच्या बाया मागे वळून मला पाहत होत्या. देव न मानण्याची प्रतिज्ञा आली तेव्हा ती मी नेहमीच्या आवाजात म्हटली. सभागृह माझ्या मागून म्हणू लागले. सचिव दोन शब्द मागे पडले. पत्नी शेजारी उभी होती. ती न हलता म्हणाली, "हळू म्हना. माइक त्यायच्याकडं हाय." पण पुढचे वाक्य तिनेही मोठ्यानेच म्हटले.

म्हणून मी ही हकीकत लिहिली. वर्षावासाची सांगता आश्विन पौर्णिमेला त्याच विहारात आहे. समितीच्या सचिवांनी त्या दिवशी, त्याच माइकवरून, सर्वांसमक्ष सांगावे: पूजा करणार नाही असे म्हणणाऱ्याने पूजा नाकारली, तर त्याने नेमकी कोणती प्रतिज्ञा मोडली? मोडली असेल तर तिचे शब्द वाचून दाखवावेत. मोडली नसेल तर तेही तितक्याच मोठ्याने सांगावे आणि माइक परत द्यावा. ग्रुपवरचे उत्तर, हसण्याची चित्रे किंवा पुढच्या बैठकीचा वायदा ग्राह्य धरला जाणार नाही.